जोडपाखरो

माझ्यासमोर दोन पाट मांडले होते आणि दोन्ही पाटांवर एकेक देव बसला होता. मी उघड्या अंगानं, भाई आरोसकरांचा ओला पंचा नेसून आणि हातात भिंग घेऊन त्या देवांपुढं मांडी घालून बसलो होतो. डाव्या पाटामागं भाई होते, उजव्या पाटामागं त्यांचे थोरले बंधू आप्पा. माझ्या पाठीमागं पडवीच्या खांबाला टेकून माझे बाळामामा बसले होते. आणि माजघराच्या दारात, अर्धी आत अर्धी बाहेर, भाईंची मुलगी कुमुद उभी होती. तिला बघायला म्हणून मी मुंबईहून वेंगुर्ल्यापर्यंत एसटीत हाडं खिळखिळी करून आलो होतो. अजून मी तिला नीट बघितलंही नव्हतं. तिनं मात्र मला या अवस्थेत पुरेपूर बघून घेतलं होतं.

"पाव्हण्यानू, घाई नाय," आप्पा म्हणाले. "सावकाश बगा. खरो खंयचो नि खोटो खंयचो, येवढ्याच सांगा."

"सांगाचा काय त्यात," भाई म्हणाले. "डोळे असलेल्याक दिसता."

दोघंही माझ्याकडे बघून बोलत होते. एकमेकांशी बोलणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

झालं होतं असं. आरोसकरांच्या घराण्यात रवळनाथ, सातेरी वगैरे सगळे देव होतेच, पण घरचा खरा देव म्हणजे जोडपाखरो. चांदीचा, चार आण्याच्या नाण्याएवढा गोल टाक आणि त्यावर पंख पसरलेलं, दोन डोकी असलेलं पाखरू. तो कुणी आणला, कधी आणला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मूळपुरुषाच्या होडीवर तो पाखराच्या रूपानं येऊन बसला, एवढीच आख्यायिका. वडील गेल्यावर भावाभावांत वाटण्या झाल्या, मधोमध दगडांचा गडगा उभा राहिला आणि त्यानंतर पहिल्याच पूजेला दोन्ही घरांच्या देव्हाऱ्यात जोडपाखरो दिसला. आप्पा म्हणाले, भाईनं सोनाराकडून नकली करवून घेतला. भाई म्हणाले, आप्पानं. तेव्हापासून गडग्याच्या अलीकडचा वारासुद्धा पलीकडे जायला कचरत असे.

जायची ती एकटी कुमुद. आप्पांना मूलबाळ नव्हतं. ही पोर रांगायला लागली तशी गडग्याच्या फटीतून पलीकडे जायची आणि काकीच्या हातची पेज जेवून यायची. मोठी झाल्यावर तिनं आईला सरळ सांगितलं होतं की, आप्पा आणि काकी मांडवात उभे राहणार नसतील तर मला लग्नच नको. आप्पांनी कळवलं, खोट्या देवापुढं लागलेल्या लग्नाला मी येणार नाही. भाई म्हणाले, माझ्या देवाला खोटा म्हणणाऱ्याला मी बोलावणार नाही. चांगली चांगली स्थळं यावरून परत गेली होती.

आणि मी मुंबईच्या एका संग्रहालयात नाण्यांच्या विभागात कामाला होतो. नाणी ओळखायची, लहानशा पाकिटांत घालायची, वर नाव लिहायचं. गिरगावात आमच्या चाळीत या कामाला कुणी काम म्हणत नसे. वेंगुर्ल्यात मात्र, आम्ही एसटीतून उतरेपर्यंत, चांदीवरचं खरं-खोटं ओळखणारा मोठा माणूस येतोय अशी वार्ता दोन्ही घरांत पोचली होती. मला चहा मिळण्याआधी आंघोळीचं पाणी मिळालं, कारण पारोशानं देवाला हात लावायचा नव्हता.

"अच्युत," मामा मागून माझ्या कानाशी कुजबुजले, "पोरगी भाईंची. तेव्हा देवही भाईंचाच खरा. आटप. आतून सुरमईचा वास येतोय."

मी भाईंचा देव उचलला. वरच्या कुंकवाचा थर अंगठ्यानं जरा बाजूला केला आणि भिंग धरलं.

पाखरू मी ओळखत होतो. आमच्या संग्रहालयात परदेशी नाण्यांची एक पेटी होती, तिच्यात अशी पाखरं थव्यानं होती. जर्मनीत पूर्वी कितीतरी शहरं स्वतःची नाणी स्वतः पाडत. एका बाजूला त्यांच्या बादशहाचा दोन डोक्यांचा गरुड, दुसऱ्या बाजूला त्या शहराची खूण. ही त्यांतली बारकी चांदीची नाणी. त्या काळी तिथं बाई बाजारात जायची आणि हे देऊन पाव, अंडी घेऊन यायची. पाखराच्या भोवती रोमन अक्षरं होती. झिजलेली होती, पण होती.

मी देव उलटा केला. मागं, एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन किल्ल्या.

"बगितलास?" भाईंचा चेहरा उजळला. त्यांचं बाजारात लोखंडी सामानाचं दुकान होतं, आणि कुलपं ही त्या दुकानाची खासियत. "आमी ल्हान असताना देवाच्या दोनय अंगाक पाखरूच होता. वाटण्या झाल्यार मी दुकान घातलंय, आणि देवान आपणहून पाठीर चावयो उमटवल्यान. खूण दिल्यान माका."

उजव्या पाटामागून आप्पा हसले. ते हसणं हसण्यासारखं नव्हतं.

"पाव्हण्यानू, आता माजो बगा."

आप्पांचा देव मी हातात घेतला. पाखरू तेच, दोन डोकी तीच, झीज थोडी जास्त. उलटा केला. मागं एक खवलेदार, वर निमुळतं होत गेलेलं फळ.

"काजूचो बोंडू," आप्पा म्हणाले. आप्पांचा काजूचा कारखाना होता. "मीय म्हणतंय, ल्हानपणी दोनय अंगाक पाखरू होता. काजूचो धंदो सुरू केलंय आणि म्हाराजान बोंडू दाखवल्यान. ह्येका म्हणतत साक्षात्कार. कुलपाच्या चावयो काय, खंयचोय सोनार काढून देता."

"बोंडवाच्या खाली काजूची बी खंय आसा, ती विचारा त्येंका," भाई मला म्हणाले.

"चावयेचा कुलूप खंय आसा, ता विचारा त्येका," आप्पाही मलाच म्हणाले.

बोंडू नव्हताच तो. ते पाइनचं फळ होतं, आउग्सबुर्ग नावाच्या शहराची खूण. किल्ल्या होत्या रेगेन्सबुर्ग नावाच्या दुसऱ्या शहराच्या. दोन्ही नाणी तीनएकशे वर्षांपूर्वीची, दोन्ही अस्सल. आणि माझ्यासमोर दोन वयस्क माणसं हात जोडून बसली होती, त्यांच्या डोळ्यांत श्रद्धा होती, अंगणात तुळस होती, आत सुरमई होती. या घरात, ओल्या पंचात बसून, तुमचा देव म्हणजे परक्या मुलखातली चिल्लर आहे, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

"मला जरा विचार करायला वेळ हवा," मी म्हणालो.

"वेळ कसला?" मामा म्हणाले. "जेवल्यावर विचार चांगला होतो."

"निवाडो झाल्याबिगर पान वाढूचा नाय," आप्पा म्हणाले. यावर भाईंनी मान डोलावली. कित्येक वर्षांत दोघा भावांचं एकमत झालेलं ते पहिलंच, असं कुमुदची आई नंतर म्हणाली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "बाबा, पाव्हण्यांना परसातली विहीर दाखवू का?"

विहिरीत बघण्यासारखं काही नव्हतं. पाणी होतं. पलीकडच्या अंगणात काकी काजूबिया वाळत घालायच्या निमित्तानं आमच्यावर लक्ष ठेवून होत्या. कुमुद रहाटाशी उभी राहिली. सावळी, उंच कपाळाची, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत सरळ बघणारी. मी पंचा सावरला.

"कुठला खरा?" तिनं विचारलं.

"दोन्ही खरे आहेत."

"मग चेहरा असा का झालाय तुमचा?"

मी इकडे तिकडे बघितलं आणि सांगून टाकलं. जर्मनी, शहरं, बादशहाचा गरुड, पाव आणि अंडी. ती आता रडेल किंवा मला हाकलून देईल अशी माझी तयारी होती. तिनं फक्त रहाटाचा दोर गुंडाळून ठेवला आणि म्हणाली, "असं होय."

"मी काय सांगू त्यांना?"

"आहे ते सांगा. खोटं सांगितलंत तर आज निभेल. पण पुढं दर वर्षी पूजेला तुम्हाला इथं यावं लागेल, आणि दर वर्षी तेच खोटं पुन्हा सांगावं लागेल. जमेल का?"

पुढं दर वर्षी, हे शब्द माझ्या कानांत जरा जास्तच वेळ राहिले.

"पण दोन कशी आली?" ती म्हणाली. "पूर्वी एकच होता. दोघंही तसं शपथेवर सांगतात. आणि दोघंही आणखी एक सांगतात. लहानपणी देव हातात जड लागायचा. नंतर हलका झाला. आप्पा म्हणतात, भाईच्या पापानं. बाबा म्हणतात, आप्पाच्या."

मी विहिरीच्या काठावरच थांबलो. जड होता. दोन्ही अंगांना पाखरू होतं. आणि नंतर हलका झाला.

मी पडवीकडे निघालो तो पंचा धरून जवळजवळ पळतच. मागून काकींनी कुणाला तरी विचारलेलं ऐकू आलं, "पाव्हणो पळालो काय गो?"

पाटांपुढं बसून मी दोन्ही देवांच्या पाठी पुन्हा भिंगाखाली घेतल्या. किल्ल्यांच्या खाचेत काळपट तांबडं काहीतरी अडकलं होतं. फळाच्या खवल्यांतही तेच. मी नखानं टोकरून पाहिलं. लाख होती. सोनार दागिन्यात भरतात ती लाख.

"आप्पा, भाई," मी म्हणालो, "जरा जवळ या."

दोघं आले. दोघांची डोकी माझ्या हातावर वाकली, आणि एकमेकांना लागू नयेत म्हणून दोघांनीही काळजी घेतली. मी किल्ल्यांची पाठ बोंडवाच्या पाठीला लावली. दोन्ही नाणी हातानं ठोकलेली, कडा वेड्यावाकड्या. आप्पांच्या देवाची कड एका जागी मुडपलेली होती. भाईंच्या देवाच्या कडेला बरोबर तेवढीच खोबण पडली होती. जरा फिरवल्यावर ती मुडप त्या खोबणीत बसली आणि दोन्ही देव मिटून एक झाले. मी मूठ उघडली. तळहातावर एक जाडसा टाक होता. या बाजूला पाखरू. उलटा केला, त्याही बाजूला पाखरू.

 आप्पांनी तो जोड माझ्या हातातून घेतला आणि तळहातावर वर-खाली करून तोलला.

"ह्यो तो," ते म्हणाले. "ह्योच जड."

"कुणीतरी फार पूर्वी हे दोन टाक लाखेनं पाठीला पाठ लावून जोडले होते," मी म्हणालो. "म्हणून पाठी कुणाला कधी दिसल्याच नाहीत. वाटण्यांच्या सुमारास ते सुटले असणार. तेव्हा देव कोण घासायचं?"

"आये," भाई म्हणाले. "आयेच घासायची. गरम पाण्यात चिंच घालून."

"गरम पाण्यानं लाख सुटते," मी म्हणालो.

आप्पा खाली बसले.  मग, कुणाकडेच न बघता, म्हणाले, "आयेन माका परसात बोलवल्यान. देव हातार ठेवल्यान. म्हणाली, खरो तुका दिलंय, पण भाईक सांगू नको, त्येचा मन मोडात."

भाईंनी खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं. टॉवेल तोंडावरच ठेवून ते म्हणाले, "माका गोठ्यात बोलवल्यान."

"काय म्हणाली?"

"त्याच."

हे 'काय म्हणाली' आप्पांनी विचारलं होतं, आणि विचारलं होतं भाईंना. दारामागं कुमुदच्या आईनं पदर तोंडाला लावला. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि आतल्या दिशेनं म्हणाले, "चला, वाढा आता."

पण आप्पा उठेनात. त्यांनी भिंग मागितलं, पाखराभोवतीची अक्षरं न्याहाळली आणि मला विचारलं, "ह्या काय लिवला हा? तुमी वाचूक शकतास?"

कुमुदनं माझ्याकडे बघितलं. मी एक मोठा श्वास घेतला आणि सांगितलं. आवाज जरा बारीक निघाला, पण सगळं सांगितलं. ही नाणी आहेत. जर्मनीची. इतक्या वर्षांपूर्वीची. इथं वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, त्यांच्या चाकरीत पुष्कळ जर्मन शिपाई, खलाशी असत. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी खिशातून तुमच्या पूर्वजांकडे आली असावीत. पाखरू त्यांच्या बादशहाचं. आणि बोंडू हा, माफ करा, बोंडू नाही.

 मामांनी डोळे मिटून घेतले. सुरमई गेली, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

आप्पा सावकाश बोलले. "म्हंजे देव भायरसून इलो."

"हो."

"दर्यातसून."

"हो."

"काजू खंयसून इलो, पाव्हण्यानू?"

आप्पांनी माझ्या उत्तराची वाट बघितली नाही.

"फिरंग्यान हाडल्यान. माजो आजो सांगी. आदी हय काजूचा नाव नव्हता. आता सांगा, काजू कुणाचो?"

"तुमचा," मी म्हणालो.

"झाला तर मग." आप्पांनी देव कपाळाला लावला. "इतकी वर्सा आमच्या घरात ऱ्हवलो, आमचो नैवेद खाल्ल्यान, आमची गाऱ्हाणी ऐकल्यान. आता तो जर्मनीचो कसलो? आणि तुमी कायव म्हणा, बोंडू तो बोंडूच."

"कालवणातली मिरशीसुद्धा भायरसूनच इली," भाईंनी दुजोरा दिला. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज विचारल्यासारखं, विचारलं, "ह्यांतला मोठा गाव कुणाचा?"

मी बेसावध होतो. "आउग्सबुर्ग," मी म्हणालो. "आप्पांचा."

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. भाईंचा चेहरा पडला. गडगा पुन्हा उभा राहताना मला डोळ्यांसमोर दिसू लागला.

"पण भाईंच्या गावात," मी घाईघाईनं म्हणालो, "सगळ्या राजेलोकांची सभा भरायची. आणि तिथल्या नदीवर फार जुना दगडी पूल आहे."

"सभा," भाई म्हणाले. "ऐकलास?" आणि हेही त्यांनी आप्पांनाच विचारलं होतं.

त्या दिवशी जेवायला दोन्ही घरांची माणसं एका पंगतीला बसली. काकी पलीकडून तिसऱ्यांचं तोंडाक, म्हणजे शिंपल्यांचं कालवण, घेऊन आल्या. मामा नंतर आयुष्यभर सांगत की, इतकं जेवण त्यांनी स्वतःच्या लग्नातही जेवलं नव्हतं.

दोन्ही देव पुन्हा लाखेनं जोडावेत असं कुमुदच्या आईनं सुचवलं. सोनाराला बोलावणंही धाडलं. पण जोडले तर किल्ल्या आणि बोंडू दोन्ही कायमचे आत जाणार, हे ध्यानात आल्यावर दोघा भावांनी सोनाराला चहा पाजून परत पाठवलं. देव दोन घरांत दोनच राहिले. गडगा मात्र भाईंनी एका जागी दोन माणसं जातील एवढा फोडला, आणि दगड आप्पांनी उचलून टाकले.

लग्नात एकाच पाटावर दोन्ही जोडपाखरे शेजारी शेजारी ठेवले होते. गाऱ्हाणं घालायला आप्पा उभे राहिले. हातात नारळ, डोक्याला रुमाल, आवाज असा की बंदरापर्यंत जावा.

"बा देवा म्हाराजा, आज आमच्या चेडवाचा लगीन आसा, व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव म्हणाला.

"अगस्तीबुरजाच्या म्हाराजा, रंगनाथबुरजाच्या म्हाराजा, तुमी दोगे भाव दर्यातसून हय इलास. तुमच्यात कोण मोठो, कोण ल्हान, ह्या कोणी काडल्यान तर त्येची वाट चुकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणालो. मुंडावळ्यांतून शेजारी बघितलं तर कुमुद खाली मान घालून, ओठ घट्ट मिटून उभी होती. तिचे खांदे हलत होते. तिच्या आत्यानं, पोरगी माहेर सोडताना रडतेय असं समजून, स्वतःही रडून घेतलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी, आमच्या मुलीसाठी स्थळं बघत होतो तेव्हाची गोष्ट. तिला एकही पसंत पडेना. एका संध्याकाळी मी वैतागून कुमुदला म्हणालो, "तू कशी गं चटकन हो म्हणाली होतीस? माझा तर धड फोटोही नव्हता."

ती मटार सोलत होती. "तुमच्या मामांच्या पत्रात लिहिलं होतं, मुलगा जुनी नाणी ओळखतो. मी आईला सांगितलं, हाच बोलवा. आणि आप्पांना जाऊन सांगितलं, चांदीतलं खरं-खोटं सांगणारा माणूस येतोय. मग बाबांनाही तेच सांगितलं."

 "म्हणजे ती नाणी आहेत हे तुला ठाऊक होतं?"

"आजीच्या मागं दोन्ही घरचे देव मीच घासायचे. शाळेत एबीसीडी शिकवली तेव्हा कळलंच की. पण घरच्या पोरीचं कोण ऐकतंय? बाहेरचा माणूस हवा होता, भिंगवाला."

"आणि मला ते जमलं नसतं तर?"

कुमुदनं एक शेंग उघडली, दाणे भांड्यात टाकले.

"कस्टममधला मुलगा थांबला होता," ती म्हणाली. "उंच होता चांगला."